बैलाच्या कातड्याएवढी जमीन

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास डहाणूकडच्या महालक्ष्मीच्या जत्रेला तुम्ही कधी गेला असाल, तर मुसळ्या डोंगराच्या माथ्यावरची ध्वजा तुमच्या नजरेतून सुटली नसेल. चारोटी नाका ओलांडून गुजरातकडे निघालेल्या मोटारींतूनही तो एकांडा सुळका दिसतो. वाघाडी गावचा आदिवासी पुजारी रात्रीच्या काळोखात ध्वजा घेऊन डोंगर चढतो आणि ती लावून खाली येतो. पायथ्याशी पुढे पंधरवडाभर जत्रा चालते. सुकट-बोंबलांचे ढीग, मिरची-मसाल्याची दुकाने, विळे-कोयते, आकाशपाळणे, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी डोंगरातली आणि बंदरावरची माणसे.

मला लहानपणापासून कुतूहल त्या ध्वजेचे. ती येते जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले. सत्ता गेली, ध्वजेचा मान राहिला. आणि जव्हारच्या राजाचे नाव निघाले की आमच्या भागात हटकून एक गोष्ट निघते. वडील कासा परिसरात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या तोंडून वर्गात ती मी पहिल्यांदा ऐकली.

जव्हारवर तेव्हा एका वारली नायकाचे राज्य होते. घाटावरून एक कोळी वीर आला, जयबा मुकणे. त्याने वारल्याकडे मागणे केले : मला फार नको, एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन दे. वारली हसला आणि ‘दिली’ म्हणाला. मग जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या लांबलचक दोरीने वारल्याच्या वाड्यालाच वेढा घातला. वारली दिल्या शब्दाला जागला आणि राज्य सोडून गेला.

वर्ग खदखदून हसला. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे फळ्यावर लिहिले गेले. त्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले वारल्यांची होती आणि तीही हसत होती, हे मला फार उशिरा आठवले. आठवले तेव्हा अवघडल्यासारखे झाले. तेव्हापासून या गोष्टीचा मागोवा घेण्याचा नाद लागला. त्याला संशोधन वगैरे म्हणणार नाही. सवड मिळेल तशी पुस्तके चाळली, सवड मिळेल तसे डोंगर चढलो, एवढेच.

पहिली गाठ पडली ती जेम्स कॅम्बेलने संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरशी. त्याचा ठाणे जिल्ह्याचा तेरावा खंड १८८२ सालचा. त्यात जव्हारची हकिकत आहे, पण नायकाचे नाव जयबा नाही. तो आहे ‘पौपेरा’. थळ घाटाजवळ मुकणे येथे त्याची लहानशी मातीची गढी होती. पिंप्री येथील देवस्थानाला गेला असता पाच कोळी गोसाव्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि ‘जव्हारचा राजा’ म्हणून मुजरा केला. मग त्याने कोळ्यांची फौज जमवली. पेठ आणि धरमपूरच्या लोकांनी त्याला मानले. तो सुरतेपर्यंत आणि पुढे काठेवाडात गेला, तिथे सात वर्षे राहिला आणि परतल्यावर जव्हारला येऊन त्याने ती कातड्याची मागणी केली. त्याचा मुलगा नेमशहा. याला दिल्लीच्या बादशहाने राजा हा किताब दिला, तो दिवस ५ जून १३४३. तेव्हा राज्यात बावीस किल्ले होते आणि उत्पन्न नऊ लाख रुपये. या दिवसापासून जव्हारने स्वतःचा शकही सुरू केला आणि गॅझेटियर लिहिले जात असताना तो सरकारी कागदांत वापरला जात होता.

या हकिकतीत काय टिकते आणि काय गळते? गावांची नावे टिकतात. मुकणे हे गाव इगतपुरी तालुक्यात आजही आहे. त्याच्या नावाचे धरण आहे. राजघराण्याचे आडनाव तिथूनच आले असणार. पिंप्रीही त्याच तालुक्यात आहे, ‘पिंप्री सद्रोद्दीन’ या नावाने. म्हणजे गोसाव्यांच्या शेजारी एक सूफीही उभा आहे. आशीर्वाद देणारा कोणी गोसावी सांगतो, कोणी फकीर, ते यामुळेच. ‘पौपेरा’ तर मला ओळखीचा वाटला. अकोले-जुन्नरकडच्या महादेव कोळ्यांत पोपेरे हे आडनाव सर्रास आढळते. हे पहिल्या पुरुषाचे नाव नसून कुळाचे नाव असावे, असा माझा कयास. तसे असेल तर जयबा आणि पौपेरा ही दोन माणसे मानण्याचे कारण उरत नाही. इथपर्यंत दंतकथेचे पाय जमिनीवर आहेत. घाटमाथ्यावरून एक कोळी घराणे खाली उतरले आणि त्याने जव्हार घेतले, एवढे मानायला हरकत नाही.

आकड्यांचे मात्र तसे नाही. १३४३ साली दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. त्याच्या राज्यात टंक चालत. मधल्या काळात तर त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावाने चालवण्याचा उद्योगही करून पाहिला. पण रुपया नव्हता. रुपया पाडला शेरशहाने, १५४० नंतर. तेव्हा नऊ लाख ‘रुपयां’चा हिशेब नेमशहाच्या दप्तरातला असू शकत नाही, तो नंतर कोणीतरी मांडला आहे. तसेच सालाचे. गॅझेटियर म्हणते की १२९४ पर्यंत, म्हणजे मुसलमानांच्या दख्खनवरील पहिल्या स्वारीपर्यंत, जव्हार वारल्यांकडे होते. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी जुन्या पुस्तकांत १२९४ सालची म्हणून दिली जाई. आता १२९६ हे साल मानले जाते. साहेबाने हे साल जव्हारच्या कागदांतून न घेता तेव्हाच्या इतिहासाच्या पुस्तकातून उचलले, हे यातून दिसते. नाहीतर पुस्तकाची चूक जव्हारच्या परंपरेत कशी शिरली असती?

किताबाचे प्रकरण आणखी नाजूक आहे. ‘शहा’ हे बिरुद तुघलकाने दिले, असे जव्हारमध्ये अभिमानाने सांगतात. १३४३ साली दौलताबाद दिल्लीच्याच ताब्यात होते, दख्खनच्या अमिरांचे बंड आणि बहमनी राज्याची स्थापना (१३४७) व्हायची होती, तेव्हा काळाच्या दृष्टीने हे अशक्य नाही. पण ज्या दरबारात मोठमोठ्या सरदारांना ‘मलिक’ आणि ‘खान’ म्हणत, तिथून एका डोंगरी नायकाला थेट ‘शहा’ म्हणावे, हे मनाला पटत नाही. आणि शहा काही एकट्या जव्हारचे नाहीत. शेजारच्या रामनगरला सोमशहा आहे, चांद्याला बल्लाळशहा, गढ्याला संग्रामशहा. जंगलातल्या राज्यांनी पुढच्या शतकांत ही शेपटी स्वतःच्या नावांना लावून घेतली, तशीच जव्हारनेही लावली असावी. हे माझे मत. फर्मान कोणी पुढे आणले तर ते आनंदाने बदलीन.

सर्वांत मोठी अडचण अंतराची आहे. गॅझेटियरच्या आधी, १८३०च्या दशकात, कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांकडून ऐकलेल्या हकिकती लिहून ठेवल्या होत्या. मला सापडलेला सर्वांत जुना धागा तो. म्हणजे घटना आणि कागद यांच्यात जवळजवळ पाचशे वर्षे. हे अंतर किती ते कळण्यासाठी त्याच काळातला दुसरा कोळी नायक पाहावा. नाग नायक. त्याच्याकडे कोंढाणा होता, म्हणजे आपला सिंहगड. महंमद तुघलकाने स्वतः त्याला वेढा घातला आणि आठ महिने झुंज दिल्यावर नाग नायकाने गड सोडला. हे इसामीने आपल्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फार्सी काव्यात लिहिले, १३५० साली, म्हणजे वेढ्यानंतर वीस-बावीस वर्षांत. नाग नायकाची ना जत्रा आहे ना ध्वजा, पण शत्रूच्या बाजूच्या कवीने त्याची नोंद ठेवली. जयबाला ध्वजा मिळाली, समकालीन नोंद नाही. कोणाचे नशीब थोर म्हणायचे?

आता कातड्याकडे. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी मी एक हिशेब करून पाहिला. मध्यम बैलाचे कातडे चाळीस चौरस फूट धरा. पाव इंच रुंदीची वादी काढली तर लांबी होते १,९२० फूट. ती गोल टाकली तर आत पावणेसात एकर जमीन येते. वारली नायकाचा वाडा त्यात आरामात बसेल. तेव्हा गोष्ट अशक्य म्हणून सोडून देता येत नाही!

सोडून द्यावी लागते ती वेगळ्या कारणाने. ही गोष्ट जगभर फिरलेली आहे. फिनिशियाची राणी दिदो उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली आणि बैलाच्या कातड्याएवढी जागा मागून तिने कार्थेज वसवले, ही कथा रोमन कवी व्हर्जिलला ठाऊक होती, म्हणजे ती दोन हजार वर्षांहून जुनी. कार्थेजच्या गढीचे नाव ‘बिर्सा’; ग्रीक भाषेत त्या उच्चाराचा अर्थ कातडे; नावावरूनच गोष्ट सुचली असे जाणकार म्हणतात. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉन्मथने हीच युक्ती हेन्गिस्ट या सॅक्सन सरदाराच्या नावावर घातली. दीवच्या बेटावर फिरंग्यांनी गुजरातच्या सुलतानाला असेच फसवले म्हणूनही सांगतात. लोककथांची वर्गवारी करणाऱ्या स्टिथ थॉम्प्सनने तर या कल्पनेला क्रमांकच देऊन टाकला आहे. जिथे जिथे बाहेरून आलेल्याने आधीच्या माणसाची जमीन घेतली, तिथे तिथे हे कातडे पोचले आहे. गंमत अशी, की आमचा पौपेरा सात वर्षे काठेवाडात होता आणि दीव काठेवाडच्याच टोकाला आहे. दीवमध्ये फिरंगी आले त्याच्या दोनशे वर्षांनंतर, हे खरे. पण वीर आधी गेला आणि गोष्ट मागून आली, असे व्हायला काय हरकत आहे?

युरोपात रोलाँ नावाच्या सरदाराचे असेच झाले. इ. स. ७७८ मध्ये शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी पिरेनीजच्या खिंडीत कापली गेली, त्यात तो मेला. मारणारे होते डोंगरातले बास्क लोक, ख्रिस्तीच. पुढे तीनशे वर्षांनी त्याच्यावर जे महाकाव्य रचले गेले, त्यात बास्क नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी मुसलमानांची अफाट फौज आली. वीर मोठा करायचा तर शत्रू बदलावा लागतो. जव्हारच्या गोष्टीने शत्रू बदलला नाही; तो वारली होता, हे सांगितले. फक्त त्याचे नाव ठेवले नाही.

मधेच शिरपामाळाबद्दल लिहायला हवे, कारण जव्हारला जाणारा प्रत्येक सहलीचा गट तिथे जातोच. १६६४च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर निघाले असता पहिल्या विक्रमशहाने त्यांचे इथे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच दिला, म्हणून तो शिरपामाळ. दोघांची भेट गॅझेटियरलाही मान्य आहे. पण तिथला फलक जिथे थांबतो तिथे हकिकत थांबत नाही. लवकरच दोघांचे बिनसले आणि १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले. सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला आणि विक्रमशहा मोगलांच्या मुलखात गेला. जदुनाथ सरकारांनी या विजयाचा दिवस ५ जूनच्या सुमाराचा दिला आहे. ज्या तारखेला राज्याचा शक सुरू झाला, त्याच तारखेच्या आसपास ते पडले! शिरपेच खोटा ठरवण्याची गरज नाही. आठ वर्षांनी काय झाले तेही सहलीच्या मुलांना सांगितले तर त्यांना ते पेलेल असे वाटते.

पण मला राहून राहून अडतो तो वारली नायक. गॅझेटियरने त्याच्याविषयी आणखी एक वाक्य लिहिले आहे, जे आमच्या फळ्यापर्यंत पोचले नव्हते. जव्हार गेल्यावर त्याला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख देण्यात आला. गंभीरगड डहाणू तालुक्यात आहे, कासा-सायवन-उधवा या रस्त्याच्या बाजूला, तलासरीच्या वेशीशी. कातड्याची वादी दंतकथा असली तरी हे वाक्य मला दंतकथेचे वाटत नाही. ज्याला नुसते फसवले त्याला कोणी किल्ला देत नाही. किल्ला द्यावा लागतो तो तडजोडीत. तेव्हा युक्तीच्या आड एक लढाई आणि लढाईनंतरचा तह दडलेला असावा, आणि वारली हरला तरी पुरता हरला नव्हता. एका हसण्यावारी नेलेल्या गोष्टीत त्याच्या हातचा गड तेवढा गाळला गेला, आणि वर्गातली मुले एका भोळसट माणसाला हसली.

याच मुलखात विसाव्या शतकात वारल्यांची जमीन कशी गेली, ते कागदोपत्री आहे. अंगठा उठवलेले कागद, कधी न फिटणारी खावटी, लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी जन्मभर राबणारे लग्नगडी. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे परिषद झाली, वेठ नाकारली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात लिहिले. जेठ्याचे नाव राहिले, कारण लिहिणारे कोणी तरी तिथे होते. १३४३च्या आधीच्या त्याच्या पूर्वजाला तो लाभ मिळाला नाही.

वारल्यांच्या स्वतःच्या आठवणीत तो कुठे असेल का? त्यांच्याकडे कागद नव्हता, भिंत होती. लग्नात घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधे पालघट देवी आणि बाजूला लहान चौकात पंचशिऱ्या. याच्या धडावर शिर नसते. मानेतून धान्याचे पाच तुरे फुटलेले असतात. यशोधरा दालमियांच्या १९८८च्या पुस्तकात या शिर नसलेल्या वीराचा विचार आला आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी ही भिंत कागदावर आणली आणि तिला जगात नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पंचशिऱ्या म्हणजेच जव्हारचा हरलेला नायक, असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण तसा काहीही पुरावा नाही. पंचशिऱ्या देव आहे, पिकाशी जोडलेला आहे. एका दंतकथेची गाठ सोडवता सोडवता दुसरी बांधून ठेवायची, हे बरे नव्हे. मोह आवरला.

दोन हिवाळ्यांमागे गंभीरगडावर जाऊन आलो. उंची सव्वादोन हजार फुटांच्या आसपास, पण चढ दमवणारा आणि वाट गवतात हरवलेली. पायथ्याच्या पाड्यावरचा एक वारली तरुण सोबत आला. गुजरातेत वापीला कारखान्यात पाळीवर जाणारा. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. माथ्यावर तटाचे थोडेफार दगड उरले आहेत. हवा स्वच्छ होती, दक्षिणेकडे मुसळ्याचा सुळका ओळखू आला. भाकरी सोडली आणि खाताखाता मी त्याला ती कातड्याची गोष्ट सांगितली. त्याने ती ऐकली नव्हती. वाद्यांचा भाग आला तेव्हा तो हसला, अगदी आमच्या वर्गासारखा. मग थोडा वेळ गप्प राहिला आणि त्याने विचारले,

“पन दादा, बैल कोनाचा व्हता?”

गॅझेटियर मला जवळजवळ पाठ आहे. त्यात ते नाही.